अंतरपाटवाले गुरुजी

नवराबायकोचं भांडण मिटवायला कुणी मध्ये अंतरपाट धरल्याचं तुम्ही ऐकलंय? आमच्या पेणच्या रामवाडीत या, दाखवतो. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं, दुसरं माझ्या हातात. अलीकडे नवरा, पलीकडे बायको आणि खुर्चीत दत्तूगुरुजी. आवाज चढला की गुरुजी हात वर करून म्हणणार, "सावधान!"

शेजारीच माझी पिठाची गिरणी. तिच्या घरघरीनं माझे कान निम्मे गेलेत, आणि म्हणूनच गुरुजींनी मला धरलं. म्हणाले, "गणू, लोकांची गुपितं तुझ्याकडे सुरक्षित." आता त्यांना कोण सांगणार, की त्यांचा स्वतःचा आवाज मांडवातला आहे. त्यांनी कुजबुजून दिलेला सल्ला पार हायवेपर्यंत जातो.

पूर्वी पेणपासून रोह्यापर्यंत लग्न म्हटलं की दत्तूगुरुजी. मुहूर्त इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत. मग एकदा त्यांनीच लग्न लावलेलं कासू गावचं जोडपं वर्षाच्या आत दारात हजर. काय, तर कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकायचाय, चांगला मुहूर्त काढून द्या! गुरुजींना त्या दिवशी घास गेला नाही. पंचांग मिटलं, सगळे यजमान पुतण्याला देऊन टाकले, मुंबईला जाऊन समुपदेशनाचा कोर्स केला आणि साठीला 'कुटुंब सल्ला केंद्र' अशी पाटी लावली.

लोक कुठले सुधारतात! सल्ल्याला येतानाही नारळ-सुपारी आणायचे, आधी पाया पडायचे, मग भांडायचे. अंतरपाटाची युक्ती मात्र लागू पडली. समोर तोंड दिसलं नाही की माणूस खरं बोलतो, असं गुरुजींचं म्हणणं. एकदा मिठागरावरची एक बाई कपड्यापलीकडून म्हणाली, "ह्यो माझ्याशी बोलतच नाय, गुरुजी." गुरुजींनी नवऱ्याला फर्मावलं, घरी गेल्यावर आधी विचारायचं, जेवलीस का. येईल त्या नवऱ्याला हेच औषध.

आणि गुरुजींची स्वतःची बायको, रमाकाकू? त्या कधीच्या रोह्याला भावाकडे राहायला गेल्या होत्या. भांडण नाही, तंटा नाही. लग्नसराईत गुरुजी रोज कुणाच्या तरी पंगतीला, आणि काकू घरात एकट्या ताटावर. एक दिवस उठल्या आणि गेल्या. त्यांचा विषय निघाला की गुरुजी पाणी प्यायला आत जायचे.

मला काही राहवलं नाही. रोह्याला पाहुण्यांकडे गेलो तेव्हा काकूंना म्हटलं, एकदा येऊन बसा हो आमच्या अंतरपाटापाशी. आणि खरंच आल्या! गुरुजींची पाचावर धारण बसली. काकू पलीकडे, गुरुजी नवऱ्याच्या जागेवर, मी टोक धरून उभा. गुरुजींनी सुरुवात केली ती धर्म, व्यवसाय, यजमानांच्या अडचणी, मुहूर्ताचं महत्त्व... थांबेचनात. पलीकडून काकू शांतपणे म्हणाल्या, "सावधान."

गुरुजींचा मांडवातला तो आवाज कुठल्या कुठे गेला. इतकं हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.

"जेवलीस का गो?"

पलीकडे काकूंनी पदरानं नाक पुसलं. मग काकू म्हणाल्या, "रविवारी रोह्याला या. बरोबर बसून जेवू. उशीर केलात तर झाकून ठेवणार नाही."

रविवारी त्यांना सोडायला मी पेण स्टेशनावर गेलो. गाडीला चिकार वेळ होता. गुरुजी नवं धोतर नेसून उभे, आणि काखेत घडी केलेला अंतरपाट.

मी विचारलं, हा कशाला?

"लागलाच तर," ते म्हणाले. "तिच्याकडे बघून बोलायची सवयच नाही रे मला. भीती वाटते."

अंतरपाट मी काढून घेतला. म्हटलं, गुरुजी, तुम्ही फक्त पोटभर जेवा. गाडी सुटली तेव्हा ते खिडकीत बसले होते, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते काही त्यांना कळत नव्हतं.