आत्याशिवाय तीन दिवस

स्वतःच्याच लाँड्रीत तीन दिवस पाऊल टाकायचं नाही, हे आत्याला पटवायला भाचीला पाऊण तास लागला. आत्याने आधी विचारलं, आपलं काही चुकलं का. मग विचारलं, दुकानात कसली साथबिथ आली आहे का. शेवटी भाचीने खरं काय ते सांगून टाकलं. माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसाय व्यवस्थापन अशा एका दमात न म्हणता येणाऱ्या पदवीचं तिचं शेवटचं वर्ष होतं. प्रोजेक्ट एकदा नापास झाला होता आणि ही दुसरी, म्हणजे या वर्षातली शेवटची संधी होती. पास झाली तर एक तारखेला नोकरीवर हजर व्हायचं. नापास झाली तर सहा महिने पुन्हा कॉलेज, आणि नोकरीवाले काही तिच्यासाठी खोळंबून राहणार नव्हते.

पहिल्या वेळी तिने एका काल्पनिक कारखान्याची सिस्टिम बनवली होती. तो कारखाना उत्तम चालायचा, कारण त्यात माणसंच नव्हती. सरांनी हे नेमकं हेरलं आणि या खेपेला खरा, चालता धंदा घे असं बजावलं. भाचीच्या ओळखीत चालता धंदा एकच, आत्याची लाँड्री. तिथे बावीस वर्षांत पावती, नंबर, खूण असलं काही कधी नव्हतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की आत्याचा हात आपसूक योग्य फळीवर जायचा.

भाचीने या एका गोष्टीवर अकरा पानं लिहिली. धंदा एकाच व्यक्तीच्या डोक्यात आहे, ती व्यक्ती उद्या अंथरुणाला खिळली तर धंदा बसेल, सबब ते डोकं कॉम्प्युटरात घालावं, असा त्याचा सारांश. सर खूश झाले. खूश होऊन म्हणाले, छान, मग मालकिणीशिवाय तीन दिवस दुकान चालवून दाखव. तिला फोनसुद्धा करायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः येतो. अकरा पानं लिहून भाचीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

सिस्टिम तशी साधी होती. प्रत्येक कपड्याला एक कोडचा स्टिकर. फोन त्याच्यासमोर धरला की कपडा कुणाचा आणि कुठल्या फळीवर ठेवायचा ते स्क्रीनवर दिसणार. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खपून तिने धुऊन वाळलेल्या एकशे चौदा कपड्यांना स्टिकर लावले. आत्याने जाता जाता स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. ‘शर्ट, पांढरा, पूर्ण बाही’ अशा चाळीसेक ओळी एकाखाली एक होत्या.

“यातला डॉक्टरांचा कुठला?” आत्याने विचारलं.

“आत्या, कोड बघायचा. कपडा बघायचाच नाही.”

आत्या चपला घालून घरी गेली.

पहिल्या दिवशी भाची नऊला पोचली. इस्त्रीवाले काका नेहमीप्रमाणे सातलाच आले होते आणि एकशे चौदाच्या एकशे चौदा कपड्यांना कडक इस्त्री झाली होती. शर्टांवर शर्ट, पँटींवर पँटी, चादरींवर चादरी. काकांनी तिच्या हातात एक स्टीलची ताटली ठेवली.

“कपड्यांना कुणीतरी कागद चिकटवले होते गं. इस्त्री खराब झाली असती. पण सगळे नीट काढून ठेवलेत, एकही फाटू दिला नाही. मोजून घे.”

तीन वर्षांत भाचीला अठरा विषय झाले होते. इस्त्री गरम असते, हे त्यातल्या एकाही विषयात आलं नव्हतं. तिने सिस्टिम उघडली. एकशे चौदा कपडे, सगळे जागच्या जागी, चूक शून्य. सिस्टिमला कसलीही शंका नव्हती. तिने काकांना विचारलं, निदान तुम्हाला तरी कुठला कपडा कुणाचा ते माहीत असेल. काका म्हणाले, मी बावीस वर्षं खाली मान घालून चुण्या बघतोय, माणसं बघायला तुझी आत्या आहे.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतले साहेब. त्यांना तिने अंदाजाने एक राखाडी पँट दिली. दहा मिनिटांत ते परत आले, तेव्हा ती पँट त्यांच्या पोटरीपाशी संपत होती. मग एक ड्रायव्हर तिघांचे शर्ट घेऊन गेला, एक बाई दुसरीची चादर परत करायला आल्या आणि तिसरीची घेऊन गेल्या. तेव्हा भाचीने ठरवलं की लोकांनाच ओळखू द्यावं. त्यात कळलं की लोकांना आपले कपडे ओळखता येत नाहीत, चांगले कपडे मात्र बरोबर ओळखता येतात. एका निळ्या कोटावर तिघांनी हक्क सांगितला. ठिगळाच्या अभ्र्यांना कुणी वाली नव्हता.

दुपारी तिने नियम मोडला. मागच्या खोलीत जाऊन, दार लावून, आत्याला फोन केला.

“आत्या, फक्त एवढं सांग, राखाडी पँट...”

“सरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना? मी नाही बाई तुझं नुकसान करणार,” आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर बंद होता.

भाची चादरींच्या ढिगावर डोकं टेकून रडली. तिला नोकरी दिसत होती, नोकरीतली टेबल-खुर्ची दिसत होती आणि दोन्ही दूर दूर जाताना दिसत होती. आपण शिकलो ते काय, असं तिला अगदी मनापासून वाटलं. काकांनी चहा आणून दिला आणि रडायचंच असेल तर बिनइस्त्रीच्या ढिगावर रड, असं सुचवलं.

डोळे पुसायला तिने जवळची पँट उचलली, तर तिच्या खिशाच्या शिवणीत धुऊनही न गेलेला खडूचा पांढरा डाग दिसला. म्हणजे ही शाळेतल्या मास्तरांची. तिने दुसरी उचलली. मग शर्ट घेतले. एकाची कॉलर डावीकडेच झिजली होती, हे सकाळी खांद्यात फोन धरून बोलत आलेले कारकून. एकाचं खालून दुसरं बटण दर वेळी वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं, हे एकटे राहणारे आजोबा. संध्याकाळपर्यंत निम्मे कपडे मार्गी लागले. दुसऱ्या दिवशी चुकून गेलेले कपडे एकेक करून परत आले, कारण कुणाच्या बाह्या अपुऱ्या पडत होत्या तर कुणाची पोटं जास्त होती. प्रत्येकाला भाचीने नीट निरखून घेतलं. चाल, खांदे, खिसे, सगळं.

तिसऱ्या दिवशी अकराला सर आले आणि वही उघडून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. एक वाजेपर्यंत सतरा गिऱ्हाइकं आली. दारात माणूस दिसला की भाचीचा हात फळीवर जात होता. एकही कपडा चुकला नाही, कुणी तक्रार केली नाही. निळा कोट तर अशा माणसाला गेला, की त्याच्या अंगावर तो बसलेला पाहून तिन्ही दावेदार खोटे पडले असते. सरांचा चेहरा सैल होत गेला. भाचीला एक तारीख अगदी समोर दिसायला लागली.

“उत्तम,” सर म्हणाले. “आता जरा सिस्टिम दाखव.”

फोन शोधायला दोघं लागली. तो टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली सापडला. चार्जिंग संपून एक दिवस होऊन गेला होता.

“मग आत्ता ते हिरवा शर्ट घेऊन गेले, त्यांचा तोच, हे तुला कसं कळलं?”

“सर, ते चालताना उजवा खांदा पाडतात. त्यांची उजवी बाही कायम मळकी...” भाची उत्साहाने सांगू लागली आणि मध्येच थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. ते वाईट नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. धंदा आधी एका व्यक्तीच्या डोक्यात होता, आता दुसऱ्या व्यक्तीच्या डोक्यात आहे, असं त्यांनी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. व्यवस्थापनाच्या भागात, वारसदार तयार केल्याबद्दल, पैकीच्या पैकी. तंत्रज्ञानाच्या भागात शून्य. आणि पास व्हायला दोन्ही भाग लागतात.

संध्याकाळी भाची आत्याकडे गेली. आत्या खिडकीपाशी पाय लांब करून पडली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती सलग तीन दुपारी झोपली होती आणि चेहऱ्यावर चक्क तजेला होता. भाचीने तिच्या कुशीत डोकं खुपसलं आणि पोटभर रडून घेतलं. आत्याने तिच्या केसांतून हात फिरवला, सरांना चार शब्द सुनावले, त्या कंपनीलाही दोन सुनावले.

“मग आता सहा महिने इथेच आहेस ना?” थोड्या वेळाने आत्या हळूच म्हणाली. “उद्या साडेआठला उघड.” आणि तिने कूस बदलून डोळे मिटले.

शक्य नाही, हे आत्याला आत्ताच्या आत्ता ठणकावून सांगायचं असं भाचीने पक्कं ठरवलं. ती उठून बसली, तिने नाक पुसलं.

“साडेआठला उशीर होतो, आत्या,” ती म्हणाली. “नर्सबाईंना ड्यूटीवर जायच्या आधी पांढरा कोट लागतो. आठला उघडते.”