समुद्री कृमीचा जाहीर सत्कार

ज्ञानाचा आदर केल्याशिवाय समाज पुढे जात नाही, आणि शाल-नारळाशिवाय आदर होत नाही. म्हणून आमच्या गावात (लिंबागणेशपासून सहा किलोमीटर, समुद्रापासून साधारण चारशे) कायमस्वरूपी सत्कार समिती आहे. गेल्या वर्षी समितीने एकशे बारा सत्कार पार पाडले. यंदाचा पहिला समुद्री कृमीचा.

हा कृमी गहिनीनाथ मास्तरांच्या ऋतुजाने रत्नागिरीहून बरणीत घालून आणला. तिची पीएच.डी. त्याच्या घशावर आहे. अंग आवळलं की आतलं पाणी पुढे रेटलं जातं आणि घसा उलट्या पिशवीसारखा तोंडाबाहेर येतो. त्याने तो वाळू फोडतो, घसा फुगवून रुतवतो, मग ओढणाऱ्या स्नायूंनी अख्खं अंग पुढे खेचतो. भक्ष्यही त्याच घशाने धरतो. (नुसत्या घशावर घर आणि जेवण भागवणारे आमच्याकडेही आहेत, पण त्यांच्यावर पीएच.डी. होत नाही.)

ऋतुजाला घसा पुरता बाहेर आल्याची एकच चित्रफीत हवी होती. सोमवारी ती विद्यापीठात दिली नाही तर तीन वर्षं वाया. आणलेल्या सहा कृमींपैकी हा शेवटचा.

अध्यक्षस्थानी बबनराव होते. (मला कळायला लागल्यापासून ते तिथेच आहेत.) पंचावन्न मिनिटांच्या भाषणानंतर त्यांनी बरणीत बोट बुडवून चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"पावन्याला खारट पानी? आपल्या जिल्ह्यात? फिल्टरचा जार आना रं कुनीतरी!"

"काका, नका! त्याला खारंच लागतं. गोड्या पान्यानं मरल तो!"

"पान्यानं कुनी मरत न्हाई, पोरी. पान्यावाचून मरतेत."

आठवड्यातून एकदा टँकर येणाऱ्या गावात असं वाक्य टाळ्या घेतंच. टाळ्या झाल्या. ऋतुजाच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ होता. बबनरावांनी स्वहस्ते फिल्टरचं पाणी ओतलं. (थंड होतं, ही समितीला अभिमानाची बाब.)

कृमी टम्म फुगला. त्याने घसा पुरता बाहेर टाकला, ऋतुजाने तीन वर्षं वाट पाहिली होती तसा, आणि तो गेला.

"बघा, आभार मानतंय लेकरू," पहिल्या रांगेतल्या वच्छलाबाई म्हणाल्या.

तेवीस मोबाईल चालू होते, सगळे बबनरावांवर. फक्त समितीच्या शिवशंकरच्या क्लिपमध्ये बरणीही आली होती. ती त्याने सगळ्या ग्रुपांवर टाकली आणि मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून पुसली.

'किड्यानेही मानले बबनरावांचे आभार' ही क्लिप पुन्हा पुन्हा अपलोड होऊन पुसट होत होत ऋतुजाकडे आली, तेव्हा घशाचा नुसता पांढरट डाग उरला होता. ती रडली. मलाही वाईट वाटलं. समितीने तसा ठराव केला. आता ती एकेकाला फोन करून आधीची प्रत मागते आहे. तुमच्याकडे आली होती तेव्हा घसा अजून स्पष्ट दिसत होता. तुम्ही न बघताच हात जोडून पुढे पाठवलीत.