बोडक्या डोक्याचा फोटो

एक्याऐंशी साल होतं आणि माझं वय अठ्ठावन्न. येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. शेजारी सोपान राहायचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याच्या अंगणाला बाभळीच्या काट्यांची कुपाटी आणि मधी फळ्यांचं एक फाटक. आत जायचं म्हटलं की सोपान हात आडवा करून विचारायचा, "पास?"

थट्टा नव्हे. त्याच्या स्वतःच्या गळ्यात मुंबईच्या गोदीचा पास सुतळीला लटकलेला असायचा, अगदी नांगर धरतानासुद्धा. सरपंचाला त्यानं रेशनकार्ड दाखवायला लावलं. व्याह्याला जुनी लग्नपत्रिका बघून आत घेतलं. शेरडं तेवढी बिनपासाची घुसायची, तर त्यांना "भाईर व्हा, भाईरची माणसं" म्हणून हाकलायचा. मी दोन बुकं शिकलेला, पण कागद दाखवून कुणाच्या दारात शिरणारा नव्हे. मी कुपाटीवरून टांग टाकून जायचो. धोतरं फाटली, तरी तसाच गेलो.

हा पास बाहत्तरच्या दुष्काळातला. गाव खडी फोडायला गेलं, तेव्हा सोपान आणि त्याचा धाकटा भाऊ मारुती थेट मुंबईला गेले. गोदीच्या फाटकातून आत जायला पास लागतो, आणि पासाला पोलीस पाटलाचा दाखला, पोलीस ठाण्याचा शिक्का, फोटो. सोपान हे सगळं आरतीसारखं म्हणून दाखवायचा. पुढं मारुती खलाशी म्हणून जहाजावर चढला. त्यानंतर त्याचं साधं पोस्टकार्डसुद्धा आलं नाही. पाऊस पडला तसा सोपान गावी परतला, पण दर उन्हाळ्यात जाऊन महिनाभर गोदीत पोती उचलायचा आणि पास नवा करून आणायचा. गाव म्हणायचं, ह्याची मुंबईची हौस फिटंना.

त्या साली गोदीतून सांगणं आलं की नवा फोटो लागंल. कपाळ आणि कान उघडे, डोक्यावर काही चालणार नाही. जुन्या फोटोत सोपानच्या डोक्यावर टोपी होती.

आमच्याकडं माणूस चारचौघांत डोकं बोडकं करतो ते घरातलं कुणी गेल्यावरच. सोपान दर बाजाराला येरमाळ्याच्या फोटोवाल्याकडं जायचा, स्टुलावर बसायचा, टोपीला हात लावायचा आणि उठून यायचा. फोटोवाल्याला वाटलं टकलाची लाज असंल. म्हणाला, मामा, टक्कल झाकून देतो, पण बसा एकदाचं.

मुदत संपायला आली तेव्हा मी कुपाटी ओलांडून त्याच्याकडं गेलो. म्हणालो, आता तू शेतकरी माणूस, एवढा पास हवाच कशाला?

तो बाजेवर बसला होता. पास मुठीत धरून म्हणाला, "तात्या, मारुती जहाजातनं उतरला तर फाटकाच्या आत आपलं माणूस नको? भाईरच्या गर्दीत त्येला म्या कसा दिसंन?"

मग काढ की टोपी, मी म्हणालो. घटकाभराचं काम.

त्यानं टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

"थोरल्या भावानं डोकं बोडकं केलं, म्हंजी त्यो गेला असं म्याच सांगितल्यावानी झालं. न्हाय जमायचं तात्या."

मी आलो तसाच कुपाटी ओलांडून घरी परतलो.

मुदत संपली. सोपान मुंबईला गेलाच नाही. गळ्यातला पास काढून त्यानं फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि फाटक सताड उघडं टाकलं. शेरडांनी आत जाऊन कोथिंबिरीचा वाफा साफ केला, त्यानं हटकलं नाही. सांजच्याला सरपंच सवयीनं रेशनकार्ड काढून उभा राहिला, तर सोपान तिकडं न बघता म्हणाला, जावा आत. टोपी मात्र डोक्यावर होती. भावाला जिवंत ठेवायपायी त्यानं भावाला गाठायची वाट सोडली, आणि ह्यात कुणी कुणाला शहाणपण सांगावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतून साखर कारखान्याचं सभासदाचं कार्ड काढलं, त्याच्या फाटकाशी गेलो आणि उघड्या फाटकाच्या भाईर उभा राहिलो.

"सोपाना, पास बघ."

तो लवकर उठला नाही. मग आला, कार्ड हातात घेतलं. त्यावर माझा फोटो होता, पटका बांधलेला. त्यावरून अंगठा फिरवला.

"डोक्यावर पटका हाय," तो म्हणाला. "चालतंय आपल्याकडं. या."

मी फाटकातून आत गेलो.