बुधाजीवर लिहिलेली कादंबरी

मला न कळणारं पुस्तक अजून छापखान्यातून बाहेर पडायचं आहे! एसटीत कंडक्टर होतो तेव्हा अलिबाग-पनवेलच्या एका फेरीत मी अख्खी कादंबरी संपवायचो, तिकिटं फाडायचो आणि वडखळला उतरून चहाही प्यायचो. रेवसच्या धक्क्यावर एका सुरमईनं मला गाडीची वेळ विचारली होती, हेही खरं आहे. गाव यावर विश्वास ठेवत नाही, तो गावाचा प्रश्न.

म्हणून नात अमिषा मुंबईहून कॉलेजची कादंबरी घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, ही कळली तर फोन करा. आमच्या मॅडमनाही कळलेली नाही," तेव्हा मी नुसता चष्मा पुसून हसलो.

दुपारपर्यंत हसू मावळलं. कादंबरीतला माणूस समुद्रात मांडलेल्या पलंगावर जागा होतो. आपल्या शहरात जातो, तर घराला दारच नाही. दुकानदार त्याला रिकामी पिशवी गाठ मारून देतो. पूर्णविराम तर पानंच्या पानं फिरकत नाही. बसल्या जागी मला धाप लागली! मागच्या बाजूला छापलं होतं की ही आपलं गाव हरवलेल्या माणसाची कथा आहे. आत मला गाव सोडाच, कथाही सापडेना.

पण नातीपुढे हार कशी मानायची? एकट्यानं सोसण्यापेक्षा वाटून घ्यावं, म्हणून संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागलो.

इथे आमच्या बुधाजीचं सांगायला हवं. बुधाजी माझा बालमित्र आणि गावाचा अंपायर. यंदाच्या फायनलला त्यानं गावकीचे अध्यक्ष बामाशेठ यांच्या पुतण्याला, मितेशला, धावबाद दिलं. कप शेजारच्या गावात गेला आणि बुधाजी वाळीत! वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आल्यापासून हे कोणी तोंडानं बोलत नाही. फक्त बुधाजी दिसला की माणसं आभाळाकडे बघतात, आणि दुकानातली साखर नेमकी त्याच्यापुरती संपते. त्यात त्याच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न ठरलेलं, हळद चार दिवसांवर. आमच्याकडे हळदीला गाव नाचलं नाही, तर नवरदेवाकडचे मुलीच्या बापाला जन्मभर ऐकवतात. बिचारा माझ्या मागच्या दारी येऊन म्हणाला, "हरेश्वर, मांडव घातलाय. मानसा न्हाय आली त खुर्च्यांना हलद लावू काय?"

तर मी वाचत होतो. अर्धा कट्टा पेंगत होता. इतक्यात वाक्य आलं: पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसानं बोट वर केलं आणि त्या क्षणापासून शहरात त्याला कोणी ओळखेना.

बामाशेठचा पान चघळणारा जबडा थांबला. "मागं जा जरा. पुन्ना वाच."

पुन्हा वाचलं. रिकामी पिशवीही पुन्हा वाचायला लावली. दुकानदार उठून घरी निघाला, त्याला धरून बसवलं. बामाशेठनी पुस्तक उलटून लेखकाचा फोटो पाहिला. हा दाढीवाला मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर शहाळं पीत बसला होता, हे त्यांना लख्ख आठवलं. गावात येऊन यानं सगळं टिपून नेलं, आता पुढल्या पानावर पंचांची नावं आणि त्याच्या पुढल्या पानावर पोलीस!

मी कळवळून म्हणालो, "बामाशेठ, ही नुसती कल्पना आहे हो. असा माणूस नाही, असं शहर नाही."

आयुष्यात इतकं निखळ खरं मी कधी बोललो नव्हतो.

"हरेश्वर," बामाशेठ म्हणाले, "तू न्हाय बोललास ना, म्हंजे नक्की हाय."

मग गावकीची बैठक बसली. विषय एकच, कादंबरी. सगळ्यांना हजेरी सक्तीची. कोर्टाचा निकाल ऐकावा तसं गाव ऐकत होतं. एक पक्षी नायकाला तराजूत घालून तोलतो असं आलं, तेव्हा सगळ्यांनी वळून खजिनदाराच्या लांब मानेकडे पाहिलं. त्यानं तिथल्या तिथे शपथ घेतली की मी पक्षी नव्हे! शेवटच्या पानावर त्या माणसाला एकदाचं दार सापडतं. तो ठोठावायला हात उचलतो, आणि पुस्तक संपतं.

नावं आली नाहीत. मला वाटलं, सुटलो. बामाशेठ मात्र मिठासारखे पांढरे पडले.

"दार उघरला का न्हाय, ते लिवलंच न्हाय. म्हंजे दुसरा भाग येतंय. नावा त्यान असतील."

आता खरं बोलून काय मिळतं ते मी नुकतंच पाहिलं होतं. गंभीर चेहरा करून म्हणालो, "लेखक लोक असंच करतात. आधी वाट बघतात, गाव दार उघडतंय का."

हळदीला खुर्च्या कमी पडल्या! बामाशेठ स्वतः बुधाजीचा हात धरून त्याला मांडवात मिरवत होते. मितेश तर असा नाचला की पुन्हा धावबाद व्हायचा बाकी होता. बुधाजीनं डोळे पुसत मला विचारलं, हे कसं झालं? मी म्हणालो, साहित्यानं.

दुसऱ्या संध्याकाळी त्याला कट्ट्यावर मधोमध बसवलं. म्हटलं, तुझ्यावरचं पुस्तक, तूच तेवढा ऐकलेलं नाहीस. पहिलं पान त्यानं भक्तिभावानं ऐकलं. दुसऱ्या पानावर पूर्णविरामाची वाट पाहिली. तिसऱ्या पानावर तो उठून उभा राहिला, सदरा नीट केला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे बोट वर केलं.

अंपायरचा हा निर्णय बामाशेठसकट अख्ख्या गावानं टाळ्या वाजवून मान्य केला. तेव्हापासून मी कट्ट्याकडे फिरकलो की माणसं आभाळाकडे बघतात.

अमिषाला फोन करून कळवलंय, कादंबरी कळली म्हणून.