बिराजदार काकांचं हवाई अंतर

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत बिराजदार काकांना पत्ता विचारायची चूक माणूस एकदाच करतो. एका नव्या भाडेकरूने चाकणचा रस्ता विचारला, तर काकांनी आभाळाकडे बोट केलं. "वरून गेलात तर लई जवळ. खालून जाणार असाल तर डबा घेऊन निघा."

काका मूळचे लातूरचे. चाकणच्या एका कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली. ट्रक अडकला की साहेब ओरडायचे आणि काका शांतपणे म्हणायचे, "साहेब, हवाई अंतर बघा. माल पोचल्यातच जमा हाय." निवृत्तीनंतर हे वेड घरी आलं. भोसरी, आळंदी, सासुरवाडी, सगळं हवाई. मुलगी स्मिता लग्न होऊन टोरोंटोला गेली तेव्हा काकू रडत होत्या आणि काका मोबाइलच्या नकाशावर बोटाने रेघ ओढून त्यांची समजूत घालत होते. "साडेबारा हजार किलोमीटर फक्त! मधे एक सिग्नल नाही."

एवढं जवळ असून काका कधी गेले मात्र नाहीत. व्हिसा दोघांचाही होता, पण कधी काकांचा गुडघा आडवा यायचा, कधी सोसायटीची पाण्याची टाकी. ती टाकी काकांशिवाय धुतली जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

यंदा स्मिताचं बाळंतपण आलं. काकूंचं एकटीचं तिकीट निघालं. जायच्या तोंडावर त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांची बहीण सोबतीला आली. संध्याकाळी स्मिताचा फोन आला. काका गॅलरीत जाऊन बोलले आणि आत येऊन म्हणाले, "मी जातो."

मुंबईच्या विमानतळावर सोडायला मी माझी गाडी काढली. घाटात तासभर अडकलो. काकांनी एकदाही हवाई अंतर काढलं नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर आवळून बसले होते. मला तेव्हाच शंका आली.

विमानतळाच्या दाराशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"राव, मला विमानाचं लई भ्या वाटतं. पहिल्यापासनं. हे लेकीला कसं सांगावं? म्हणून जवळ हाय, जवळ हाय म्हणत बसलो."

"मग आत्ता कसे निघालात?"

"फोनवर रडली हो ती. आईपुढं कधी रडत नाही." डबा काखेत मारून ते आत गेले. मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या तब्येतीची चौकशी करायला गेलो, तर त्यांनी टोरोंटोला व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर काका पलंग आणि पाळण्याच्या मधोमध स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली, खांद्यावर दुपटं.

"अहो, प्रवास कसा झाला ते तरी सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. दोघी आत्ताच झोपल्यात."

आणि त्यांनी फोन ठेवला.