वाढपी बिराजदार

इरण्णा बिराजदार आमच्या खात्याचे प्रमुख म्हणून रुजू झाले, त्या सकाळी त्यांनी सगळ्यात आधी खुर्च्या बाहेर काढल्या. नमस्कार नाही, ओळखपाळख नाही. स्वतःच्या हाताने खुर्च्या उचलून व्हरांड्यात ठेवल्या, चहा मागवला आणि म्हणाले, "उभ्यानं प्या. चहा संपायच्या आत ज्यानं त्यानं सांगायचं, काम कुटं अडकलंय. मग घ्या की खुर्च्या आत."

आमच्या कुलकर्ण्यांच्या खुर्चीवर घरून आणलेली उशी होती. तीही व्हरांड्यात गेली. कुलकर्णी तिच्याकडे बघत चहा प्यायले आणि माझं काहीच अडलेलं नाही, असं म्हणाले. ही थाप होती. अडलं सगळ्यांचंच होतं, आणि तेही वर्षभर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात विणकरांना सूत वाटणारी एक संस्था होती. तिच्या सेक्रेटरींनी मुंबईत कुठेतरी कॉम्प्युटर पाहिला आणि आता सूतवाटप कॉम्प्युटरवर करायचं, असं ठरवून ते गाडीतून उतरले. फक्त कॉम्प्युटर सोलापुरात नव्हता. तो पुण्यात होता आणि रविवारी भाड्याने मिळायचा. प्रोग्राम इथे लिहायचा, पद्माने तो मशिनवर भोकं पाडून कार्डांवर उतरवायचा आणि कार्डांची ट्रंक घेऊन आम्ही पुण्याची गाडी पकडायची. कुलकर्णी आणि मी प्रोग्राम लिहिणारे, पद्मा कार्डवाली. संपलं आमचं खातं.

कुलकर्णी हुशार माणूस, पण त्यांचा एक बाणा होता. संपूर्ण झाल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही. अख्ख्या शहराचं सूतवाटप एका दमात करणारा प्रोग्राम आम्ही वर्षभर लिहिला आणि पुण्याला नेला. मशिनने दिवसभर खडखड करून नुसत्या चुकाच छापल्या. तो कागदांचा गठ्ठा ट्रंकेत मावेना, तेव्हा कुलकर्णी म्हणाले होते की छापतंय तरी, हे काय कमी आहे. सेक्रेटरीसाहेबांना मात्र ते कमी वाटलं. दिवाळीपर्यंत संस्थेच्या उपयोगी पडेल असं काही हातात आलं नाही, तर खातं बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. आणि आम्हाला हाकायला मुंबईहून बिराजदारांना आणलं.

माणूस मूळचा अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा. धारवाडला शिकलेला, मुंबईत मोठ्या कंपनीत मोठ्या कामावर. तिथली खुर्ची सोडून हा आमच्या बिनखुर्चीच्या खात्यात का आला, हे कोडंच होतं. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायची. कामाची घाई झाली की "बेग बेग" म्हणायचे, पण स्वतः कधी धावताना दिसले नाहीत. कडेला बसून पान जमवावं तसं निवांत सगळं चाले. आणि एक शब्द सदान्‌कदा तोंडात. "वाढा की!"

त्याचा अर्थ पहिल्याच आठवड्यात कळला. कुलकर्ण्यांचा तो प्रचंड प्रोग्राम त्यांनी टेबलावर पसरला आणि विचारलं, यातला एवढासा तुकडा कोणता, जो एकटा चालेल आणि एका गल्लीच्या तरी कामाला येईल. कुलकर्णी दुखावले. तुकडे कसले, हे सलग काम आहे, म्हणाले. बिराजदारांनी मान हलवली.

"कुलकर्णी, भाकरी थापली की ताटात वाढायची. सगळ्या थापून ढीग घालायचा आनि मग बोलवायचं, तर खानार कोण?"

"सोलापुरात कडक भाकरीपण असते, साहेब. महिना महिना टिकते."

"ती प्रवासाला. हितं मानूस ताटावर बसलाय."

प्रोग्रामचे तुकडे झाले. एका पुणेवारीत तपासून होईल, तेवढंच लिहायचं. लिहिलेलं एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचं. पद्माला अक्षर लागलं नाही, तर तिने कागद परत करायचा, मग तो बिराजदारांचा का असेना. पहिल्या दिवशी तिने त्यांचेच दोन कागद परत केले. ते खूश झाले. कुलकर्ण्यांचे परत केले, तेव्हा कुलकर्णी खूश झाले नाहीत, पण अक्षर सुधारलं.

महिन्याभरात पहिली भाकरी उतरली. पद्मा राहायची त्या पेठेतल्या एकाच गल्लीपुरतं सूतवाटप. पुण्याहून कागद छापून आले, संस्थेच्या गोदामातून त्याबरहुकूम गाडी निघाली आणि आम्ही छाती फुगवून मागोमाग गेलो.

गाडी नरसय्या नावाच्या विणकराच्या दारात थांबली आणि तिथून हलेचना. निम्म्या गल्लीचं सूत त्याच्याच अंगणात उतरत होतं. झालं होतं असं, की कार्डावर नावासाठी आम्ही मोजकी जागा ठेवली होती. आमच्या हिशेबी नाव म्हणजे कुलकर्णी, जोशी. त्या गल्लीत निम्मे नरसय्या, आणि वडिलांचं, घराण्याचं नाव यायच्या आत आमची जागा संपलेली. मशिनने सगळ्या नरसय्यांचा एकच नरसय्या करून टाकला होता. तो भला माणूस तक्रार न करता हमालांना चहा देत होता. पद्माने तोंडाला पदर लावला. आमचे चेहरे उतरले.

बिराजदार एकटेच खुशीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी घरोघर सूत पोचवलं, आम्हाला प्रत्येक नरसय्याच्या मागावर नेऊन बसवलं, आणि माणसाला नावाने नाही तर क्रमांकाने ओळखायचं, हे तिथेच ठरलं. ते म्हणाले, एका गल्लीत चुकलं म्हणून एका दिवसात निस्तरलं, अख्ख्या शहरात चुकलं असतं तर दिवाळी सोडा, शिमगाच झाला असता. पुढच्या वारीत गल्ली बरोबर आली. मग दुसरी, मग पेठ. पूर्वी वर्षभरात जे झालं नव्हतं, ते आता दर पंधरवड्याला थोडं थोडं होऊ लागलं. कुलकर्णी उभ्याने चहा पिताना आपणहून अडचणी सांगू लागले. उशी व्हरांड्यातच राहिली.

आम्हाला एकच गोष्ट उमगत नव्हती. शनिवारी अर्धा दिवस भरला, की हा माणूस अक्कलकोटची एसटी गाठायचा. जग बुडालं तरी थांबायचा नाही. शेती असेल, नवस असेल, असे आमचे तर्क. एकदा मी विचारलं, खातं बंद झालं तर तुम्हाला काय, मुंबई आहेच की. त्यावर ते पहिल्यांदाच तुटकपणे बोलले. "मुंबई नको. हे चाललंच पायजे."

चाललं. दिवाळीच्या आधी निम्म्या शहराचं सूत आमच्या कागदावर वाटलं जात होतं आणि सेक्रेटरीसाहेब पाहुण्यांना आमची ट्रंक दाखवत होते. खातं कायम झालं. बिराजदारांनी दोन खोल्या घेतल्या, मैंदर्गीहून बायको आणि मुलीला आणलं आणि आम्हा तिघांना रविवारी जेवायला बोलावलं. मुलगी आहे, हेच आम्हाला तेव्हा कळलं.

नीला सात-आठ वर्षांची. वहिनींनी गरम भाकऱ्या वाढल्या आणि ती मोठ्या माणसासारखी पाणी वाढत फिरली. जेवणं झाली. बिराजदार आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले. दारात येऊन पाहतो तर नीलाने सगळ्यांच्या चपला वळवून ठेवलेल्या, रस्त्याकडे तोंड करून, जाणाऱ्या पाहुण्यांच्या ठेवतात तशा. ओळीत चौथा जोड तिच्या वडिलांचा होता.

"होगि बर्री," ती हात जोडून म्हणाली. जाऊन या. आम्हाला म्हणाली आणि त्यांनाही म्हणाली.

वहिनी ओशाळून तिला कानडीत काहीतरी बोलल्या. बिराजदारांनी हातानेच थांबवलं आणि चपला पायात घातल्या.

कोपऱ्यावर कुलकर्णी आणि पद्मा पुढे गेले. बिराजदार माझ्यापाशी थांबले.

"ती जन्मली, तेव्हा मुंबईला मोठं काम चाललं होतं. काम संपलं की खोली बघतो, खोली झाली की दोघींना नेतो, असं म्हनायचो मी. ते संपलं, की दुसरं. वर्षातनं एकदा दोन दिवस जायचो. तिला ठाऊक हाय ते बरोबरच हाय की. हा मानूस येतो, जेवतो आनि जातो."

ते शांतपणे वळले आणि घराकडे चालू लागले.

मी कोपऱ्यावर उभा राहून पाहत होतो. नीला अजून दारातच होती. त्यांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या, वाकून हाताने घराकडे तोंड करून ठेवल्या आणि तिच्याकडे न बघता आत गेले. ती त्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली, एक किंचित वाकडी पडली होती ती सरळ केली, आणि तशीच ठेवली.