आज समुद्र अळणी हाय

सकाळी उठल्या उठल्या चार लोक दात घासतात, देवाला हात जोडतात. आमचे शेजारी बापू शिंगटे समुद्राची चव घ्यायचे. होय, सांगलीत! कृष्णा आमच्या खणभागातून हाकेवर, पण समुद्र म्हटला तर पार घाटाखाली. बापूंच्या पुढच्या खोलीत दिवाणाएवढी काचेची पेटी होती. तीत करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि मग अख्ख्या गल्लीची झोप मोडेल असं ओरडायचं, "आज समुद्र अळणी हाय!" नाहीतर, "लय खारट झालाय गं, गोडं पानी घालतो!" आमची मंडळी मला हलवून म्हणायची, "उठा, भोंगा झाला."

बापू नेव्हीतून निवृत्त झालेले. नेव्ही म्हटलं की लोकांना पांढरा कडक गणवेश आणि दुर्बीण दिसते. बापूंनी सगळी नोकरी जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या उकाड्यात काढली. "समुद्र वरल्या लोकांनी बघितला गड्या, आमी नुस्ता ऐकला," असं ते हसत सांगायचे. तिथून त्यांनी एकच वाक्य घरी आणलं होतं : "सब ठीक, इंजन चालू." कसे आहात विचारा, इंजन चालू. वहिनींचा ताप उतरला का विचारा, इंजन चालू. माझे सासरे वारले तेव्हा भेटायला आले आणि खाली मान घालून मला विचारते झाले, "बाकी इंजन चालू हाय न्हवं?" आता यावर माणसाने रडायचं की हसायचं?

पेटीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे दगड, शंख-शिंपल्यांचा चुरा आणि एकुलता एक मासा. एका कोळ्याच्या जाळ्यात आलेला हा ट्रिगर मासा बापूंनी कॅनमध्ये घालून जिवंत आणला होता. पसरट अंग, बारकं तोंड, पण दात असे की कृष्णेतला खेकडा टाकला तर त्याचा कुडुमकुडुम आवाज आमच्या ओसरीवर यायचा. आधी पेटीत भरलं घर होतं. रंगीत मासे होते, गोगलगायी होत्या, एक झिंगाही होता. या पठ्ठ्याने एकेकाला गिळून जागा मोकळी केली. वर रुसायचाही. रुसला की दगडाच्या फटीत शिरून पाठीवरचा काटा ताठ करायचा. मग ओढा, ढकला, हलणार नाही. बापूंनी त्याचं नाव ठेवलं जावई. "खातो, रुसतो, चावतो, आन त्याला बोलायची सोय न्हाई. दुसरं काय नाव ठिवनार?"

पाण्यात हवा सोडायला विजेचा छोटा पंप होता, पण आमच्या विजेचं काय सांगावं! म्हणून बापूंनी ट्रकच्या टायरची ट्यूब आणली, तिला बारीक नळी जोडली आणि तोंडाला चिमटा लावला. वीज गेली की चिमटा सैल करायचा. ट्यूबमधली हवा बुडबुडत पेटीत जायची. ती ट्यूब भरायचं काम मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यावर. दारात पाऊल टाकलं की हातात सायकलचा पंप. "आदी हवा, मग च्या!" एकदा मुलगी बघायला निघालेली पाहुणेमंडळी चुकून त्यांच्या घरात शिरली. नवरामुलगा कोट काढून पंप मारताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

समुद्र सांगलीत यायचा तो माझ्या वशिल्याने. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होतो. आमच्या गुळाच्या गाड्या रत्नागिरीला जायच्या, परत येताना बापूंचे कॅन भरून आणायच्या. धक्क्याजवळचं पाणी नको, तिथं डिझेल असतं. खडकावरून भरायचं, असा प्रत्येक ड्रायव्हरला दम होता. एकदा शिवाप्पा नावाच्या ड्रायव्हरने कंटाळा केला. घाटाच्या अलीकडेच एका विहिरीवर कॅन भरले आणि त्यात खडेमीठ ढवळून आणून दिलं. बापूंनी करंगळी जिभेला लावली आणि शिवाप्पाकडे बघत राहिले. "शिवाप्पा, ह्यो समुद्र न्हाई रं. ही आमटी हाय." शिवाप्पाने कान धरले.

या सगळ्यात मला दया यायची ती हौसावहिनींची. बाई माण तालुक्यातली, दहिवडीकडची. गळ्यात तुळशीची माळ, मासळीचा वास सहन होत नाही, आणि घरात हे प्रकरण! "भावजी, सवत परवडली," त्या म्हणायच्या. "निदान तिला काचंत ठिवावं लागत न्हाई." माझं ठाम मत झालं होतं की बापूंनी आपल्या छंदापायी या बाईच्या संसाराचं पाणी पाणी केलं आहे. दोन-तीनदा मी बापूंना तसं ऐकवलंही. ते म्हणाले, इंजन चालू.

मग एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि रत्नागिरीच्या गाड्या बंद झाल्या. पेटीतलं पाणी बदलल्याला बरेच दिवस झाले होते. ते गढूळलं, त्याला वास सुटला. जावई खाईना. फटीत शिरला तो बाहेरच येईना, नुसता कल्ला हलताना दिसायचा. बापूंनी करंगळी चाखली, पण त्या सकाळी ओरडले नाहीत. गल्ली चुकल्याचुकल्यासारखी उठली. आमची एक गाडी फोंडा घाटाने वळसा घालून निघाली होती. बापू कॅन घेऊन तीत चढले. जाताना पंप माझ्या हातात दिला. "दिवाणजी, आता इंजन तुमच्याकडं."

झालं! अडतीवर रजा टाकून मी जावयाची चाकरी करू लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप मारत बसलो होतो, तर वहिनी आल्या. पेटीजवळ बसल्या आणि हातातल्या बांगड्या काचेवर हळूच वाजवल्या. फटीतून ते बारकं तोंड बाहेर आलं. माळकरी बाईने पदराआडून वाटी काढली, भिजवलेली सुकट स्वतःच्या बोटांनी पाण्यात धरली. जावयाने तोंड लावलं, सोडून दिलं आणि पुन्हा आत गेला. वहिनींचे डोळे भरून आले.

मी तर पंप मारायचाच विसरलो. "वहिनी, तुम्ही? अहो, तुम्हाला तर हा डोळ्यांसमोर नको असायचा!"

"मीच मागिटला हुता की त्यो समुद्र," वहिनी म्हणाल्या. "आमच्या माणात घागरभर पान्यासाठनं किती चालायचं, तुमाला काय सांगू. लगीन झालं आन ह्ये बोटीवर. सुट्टीला आलं की मी इचारायची, समुद्रात किती पानी असतंय? ह्ये म्हनायचं, संपत न्हाई. मी म्हनायची, लबाड बोलू नका. संपत न्हाई असं पानी असतंय व्हय?"

नोकरी संपल्यावर बापू त्यांना दाखवायला घेऊन निघाले होते. एसटीने घाटाची वळणं सुरू केली आणि वहिनींना उलट्या सुरू झाल्या. माथ्यावरच त्या खाली उतरल्या आणि रस्त्यावर बसकण मारून म्हणाल्या, "मी न्हाई येत. तुमच्या समुद्राला म्हनावं, तूच घरला ये."

"आन ह्या खुळ्या मानसानं आनला की हो भावजी," वहिनी डोळे पुसत हसल्या. "म्या त्यात बोट न्हाई बुडवत, मासा हाय म्हून. तवा ह्येच रोज चाखत्यात आन सैपाकघरात मला आरडून सांगत्यात, आज कसा हाय त्यो. जावई गेला तर ह्ये पेटी मोडतील. मग सकाळी मला काय सांगनार?"

इतकी वर्षं मला वाटत होतं बापू गल्लीसाठी ओरडतात. माझ्या अकलेची मला कीव आली, आणि मी पुन्हा पंप मारायला लागलो.

बापू तिसऱ्या दिवशी आले. चिखलाने भरलेले, आवाज बसलेला. खाडीचं पाणी पावसाने अळणी झालेलं, म्हणून लांब खडकावर जाऊन लाटा अंगावर घेत त्यांनी कॅन भरले होते. आम्ही दोघांनी जुनं पाणी थोडं थोडं काढून नवं भरलं. संध्याकाळपर्यंत जावई फटीतच होता. मग हळूच बाहेर आला, पेटीला एक फेरी मारली आणि खाली सोडलेल्या बापूंच्या करंगळीला कडकडून चावला. बापू रक्ताळलेलं बोट तोंडात घालून नाचायला लागले.

वहिनी हळद घेऊन आल्या. बोटावर हळद दाबत, खाली बघतच त्यांनी विचारलं, "किती हुतं पानी?"

बापूंचा आवाज फुटत नव्हता. तरी ते म्हणाले, "तसंच हाय गं. संपत न्हाई."

"लबाड," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचं बोट धरून तशाच बसून राहिल्या.